पॅनेल आलं, चॅटजीपीटी आलं. आता अर्थशास्त्राचा तास कसा घ्यायचा?

प्रश्न: मी इंदूर जिल्ह्यातल्या एका शासकीय महाविद्यालयात अतिथी विद्वान (म्हणजे कायम नसलेला शिक्षक) म्हणून बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवतो. यादीत नव्वद नावं, वर्गात चाळीस-पन्नास मुलं, बहुतेक हिंदी माध्यमाची. यंदा वर्गात इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे हात लावून चालवायचा मोठा डिजिटल पडदा, बसलं आणि प्राचार्यांना ते रोज चालू दिसायला हवं असतं. सीसीईच्या (वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या) असाइनमेंट मात्र एकाच साच्यातल्या येतात, उघडच एआयकडून लिहून घेतलेल्या. त्या पकडायच्या कशा? बंदी घालावी का? आणि मी स्वतः नोट्स काढायला चॅटजीपीटी वापरतो, ते कितपत योग्य?

उत्तर:

पकडापकडीचा नाद सोडा, हे सगळ्यात आधी. त्यातली नीती-अनीती बाजूला ठेवली तरी ती पकड टिकत नाही. एआयनं लिहिलेला मजकूर ओळखायचं साधन चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयनं जानेवारी २०२३ मध्ये काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत त्याला एआयच्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखता आला आणि माणसांनी लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर त्यानं एआयचा शिक्का मारला. जुलैत त्यांनी ते गुंडाळलं. तुमच्या नव्वदच्या नव्वद मुलांनी प्रामाणिकपणे स्वतः लिहिलं असतं, तरी त्या हिशेबानं आठ जणांवर खोटा आळ आला असता.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांचे टोफेल परीक्षेचे ९१ निबंध त्यांनी त्यात घातले, आणि सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. कारण साधं आहे. ही साधनं पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो ते मोजतात. ज्याच्याजवळ मोजके शब्द आहेत, जो शाळेत घोटलेली वाक्यरचना वापरतो, त्याचं लिखाण त्यांना यांत्रिक वाटतं. झाबुआ-धारकडून आलेला, इंग्रजीत जपून चार ओळी लिहिणारा मुलगा यात पहिला अडकेल, आणि यंत्राच्या मजकुरात मुद्दाम दोन चुका पेरणारा चलाख मुलगा सुटेल. पुढं साधनं सुधारली असतील, पण 'सॉफ्टवेअरनं सांगितलं' एवढ्या आधारावर तुम्ही कोणाला शून्य दिलंत आणि पालक दारात आले, तर दाखवायला तुमच्याजवळ काय आहे?

पुष्कळ सहकारी यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांचा हवाला देतात. त्यातली दहा टक्क्यांची मर्यादा आधीच छापलेल्या मजकुराशी असलेल्या साम्याची आहे. एआय दर वेळी नवी वाक्यं जुळवतं, त्यामुळे साम्य जवळजवळ निघतच नाही. 'सर, माझं सहा टक्के आलंय' असं सांगणारा विद्यार्थी खोटं बोलत नसतो, पण त्यातून काही सिद्धही होत नाही.

तरी मला या सगळ्याचा फार धक्का बसला नाही, त्याचं कारण सांगते. एआय येण्यापूर्वी असाइनमेंट काय मुलं स्वतः लिहीत होती? खजूरी बाजारातलं गाइड, सीनियरची फाइल, झेरॉक्स, आणि वर रंगीत पेननं सजवलेलं मुखपृष्ठ. आपण ते चालवून घेतलं, कारण नव्वद वह्या वाचायला कोणालाच वेळ नव्हता. आता फक्त नक्कल फुकट झाली आणि तिची भाषा सुधारली. घरी बसून केलेलं लिखाण हा समजल्याचा पुरावा होऊ शकत नाही, हे आधीही खरं होतं. आता ते नाकारता येत नाही इतकंच. तेव्हा तुम्हाला जे करायचं आहे ते एवढंच: गुण जे तुमच्या डोळ्यांसमोर घडतं त्याला द्या. पॅनेल, फोन, एआय यांतलं काय वर्गात आणायचं तेही याच कसोटीवर ठरवा. त्यानं मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते दिसतं का? दिसत असेल तर आणा.

आता प्रत्यक्ष कसं. माझ्या विषयातलंच उदाहरण घेते, कारण तुमचाही तोच आहे.

'न्यूनतम समर्थन मूल्य (एमएसपी, आपला हमीभाव) म्हणजे काय ते सांगून त्याचे गुणदोष लिहा' ही असाइनमेंट द्याल तर एआय ती अर्ध्या मिनिटात अशी लिहील की तुम्हालाही दोष काढता येणार नाही. असा प्रश्न देणंच बंद करा. त्याऐवजी हा द्या: २०२४-२५ साठी सोयाबीनची एमएसपी क्विंटलला ४,८९२ रुपये होती. त्या हंगामात आपल्या माळव्यातल्या कित्येक शेतकऱ्यांना मंडीत त्याहून कमी भाव मिळाला. पाठ्यपुस्तकात किंमतीचा तळ दाखवणारी आकृती आहे. तिच्यात बाजारभाव त्या रेघेखाली उतरूच शकत नाही. मग मंडीत तो उतरला कसा?

या एका प्रश्नात अर्धा पेपर आहे. पाठ्यपुस्तकातला तळ कायद्यानं बांधलेला असतो, त्याखाली खरेदी करणं गुन्हा असतो. आपली एमएसपी खासगी व्यापाऱ्याला बांधत नाही. सरकार त्या भावानं खरेदी करीन म्हणतं, आणि जिथं सरकारी खरेदी होत नाही किंवा थोडीच होते, तिथं तो आकडा वर्तमानपत्रातच राहतो. इथून मुलं आपोआप भावांतरकडे येतात. मध्यप्रदेशानं ती योजना २०१७ मध्ये आणली, आणि २०२५ मध्ये एमएसपी ५,३२८ झाली तेव्हा सोयाबीनसाठी पुन्हा तोच रस्ता धरला. शेतकरी माल व्यापाऱ्यालाच विकतो. एमएसपी आणि राज्यानं काढलेला सरासरी भाव यांतला फरक सरकार खात्यात टाकतं. मग विचारा: ज्याला सरासरीहूनही कमी भाव मिळाला त्याचं काय? योजना चालू आहे हे व्यापाऱ्याला ठाऊक असेल तर तो बोली कशी लावेल? साठवून ठेवायची ऐपत असलेला शेतकरी काय करील? मागच्या बाकावरचा, वर्षभर तोंड न उघडणारा मुलगा इथं बोलतो, कारण त्याचे वडील आदल्या आठवड्यात ट्रॉली घेऊन मंडीत उभे होते.

असाइनमेंट अशी: प्रत्येकानं घरच्या किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या एका तौल पर्चीचे (मंडीतल्या वजनाच्या पावतीचे) आकडे आणायचे, नाव-गाव झाकून, फक्त तारीख, मालाची प्रत, भाव, वजन. शहरातल्या मुलांनी छावनीच्या अनाज मंडीत जाऊन भाव विचारायचा, नाहीतर चोइथराम मंडीत कांदा-बटाटा बघायचा. मग हाच प्रश्न एआयला विचारायचा आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं छापून आणायचं. हो, आणायचंच. त्यावर लाल पेननं लिहायचं: कुठलं वाक्य आपल्या पर्चीशी जुळत नाही, कुठला आकडा जुना आहे, कुठं ते दोन्ही बाजूंचं गोड बोलून निसटलंय. वीस गुण असतील तर या घरून आणलेल्या कागदांना मी चार देते. उरलेले सोळा वर्गात: पर्ची समोर ठेवून, फोन पिशवीत टाकून, वीस मिनिटांत एक आकृती आणि पानभर लिखाण, आणि नंतर तोंडी दोन प्रश्न.

तोंडीचं नाव काढलं की सगळे म्हणतात, नव्वद मुलं, वेळ कुठून आणू? तीन मिनिटांप्रमाणे नव्वद जणांचे साडेचार तास होतात. एका दिवसात करायला जाल तर नक्कीच होणार नाही. रोज तासाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या काढून पाच नावं बोलवा; वर्गाचा बाकीचा भाग तेवढ्यात समोरचा एक प्रश्न सोडवील. महिना-दीड महिन्यात सगळे होतात. 'तू इथं पुरवठ्याची रेघ उजवीकडे का नेलीस?' एवढं विचारलं की पुरतं. ज्यानं स्वतः काढली तो अडखळत का होईना कारण सांगतो. ज्यानं उतरवली तो आकृतीकडे बघत बसतो. चिठ्ठीचा आणखी एक फायदा म्हणजे हजेरी सुधारते, पण ते प्राचार्यांना सांगायला.

सार्वजनिक वित्ताच्या पेपरला असाच एक घरचा विषय हाताशी आहे. इंदूर नगर निगमनं फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बॉन्ड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले, जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला. नर्मदेचं पाणी जलूदहून वर चढवून इंदूरला आणायचं तर विजेचं बिल अवाढव्य येतं. ते कमी करायचं, हा हेतू. निगमनं यासाठी कर काढावा, राज्याकडे हात पसरावा की बाजारात कर्ज काढावं? व्याज कोण भरणार, आजचा रहिवासी की पुढच्या काही वर्षांतला? एआय ग्रीन बॉन्डची व्याख्या सुंदर देईल. आपल्या नळाच्या बिलाशी त्याचा संबंध मुलांना स्वतः जोडावा लागतो.

पॅनेलकडे येते. आपल्याकडे वर्गातल्या तंत्रज्ञानाची हौस नवी नाही. यूजीसीची देशव्यापी कक्षा १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली; आपल्या देवी अहिल्या विश्वविद्यालयातलं ईएमआरसी हे शैक्षणिक माध्यम केंद्र वर्षानुवर्षं व्याख्यानांच्या फिती बनवत आलंय. मग ओव्हरहेड प्रोजेक्टर, मग पॉवरपॉइंट, आता पॅनेल. यातल्या बहुतेकांनी एकच काम केलं: शिक्षकाचं बोलणं मोठं आणि रंगीत केलं. मुलांचं बोलणं तेवढंच राहिलं, म्हणजे जवळजवळ नाही. पॅनेलवर पीडीएफ उघडून वाचून दाखवणं हा तर मला फळ्याचाही अपमान वाटतो. फळ्यावर निदान आकृती हळूहळू उभी राहते आणि मुलाला तिचा क्रम कळतो.

तर पॅनेल तीन कामांना लावा, बाकी वेळ बंद ठेवलं तरी चालेल. फोटो काढायला ही तीन कामं पुरेशी आहेत.

पहिलं काम मतदान. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत बसवली आणि ती कुठल्याही विषयात चालते. दहा-पंधरा मिनिटं शिकवून एक बहुपर्यायी प्रश्न टाकायचा, पाठांतरानं सुटणार नाही असा. प्रत्येकानं गप्प बसून स्वतःचं मत द्यायचं. साधारण तीस ते सत्तर टक्के बरोबर आले तर उत्तर सांगायचं नाही. शेजाऱ्याला पटवून द्या म्हणायचं, दोन-तीन मिनिटं गोंधळ होऊ द्यायचा, मग पुन्हा मत घ्यायचं. तिसाच्या खाली आले तर आपण नीट शिकवलं नाही, पुन्हा शिकवायचं. सत्तरच्या वर गेले तर दोन वाक्यांत आटपून पुढं. तो गोंधळ चालू असताना बाकांमधून फिरा आणि फक्त ऐका. आपल्या व्याख्यानातलं कुठलं वाक्य मुलांनी कसं उलटं घेतलंय ते तिथं कळतं.

प्रश्नाचा नमुना देते. पावसानं पीक गेलं, कांदा वीसवरून चाळीस रुपये किलो झाला, लोक निम्माच घेऊ लागले. मागणीच्या वक्राचं काय झालं? 'लोकांनी कमी घेतला म्हणजे मागणी घटली, म्हणून वक्र डावीकडे सरकला,' हे उत्तर निम्म्याहून अधिक वर्ग देतो, आणि ज्यांना व्याख्या पाठ आहेत तेही देतात. सरकला तो पुरवठ्याचा वक्र; मागणीचा जागेवरच आहे, आपण त्याच्यावरून वर चढलो. हे मी सांगितलं तर मुलं मान डोलावून पुढच्या परीक्षेत पुन्हा चुकतात. शेजारणीनं भांडून पटवलं की बहुधा चुकत नाहीत.

मत घ्यायला प्रत्येकाजवळ फोन आणि डेटा असला पाहिजे असं नाही. प्लिकर्स नावाची छापील कार्डं मिळतात. चौकोनी चिन्ह, कुठली बाजू वर धरली त्यावरून अ, ब, क, ड ठरतं. मुलं कार्ड वर धरतात, तुम्ही तुमचा एक फोन वर्गावरून फिरवता, आणि कोणी काय दिलं ते पॅनेलवर येतं. मोठा संच ६३ कार्डांचा आहे, तुमच्या रोजच्या हजेरीला पुरतो. जाड कागदावर छापून घ्या. लॅमिनेट केलीत तर चकचकीत पृष्ठभाग दिव्याखाली फोनला वाचता येत नाही, मॅट घ्या. नेट गेलं तर छातीशी धरलेली एक ते चार बोटंही चालतात. शेजाऱ्याला दिसू नये म्हणून छातीशी.

दुसरं काम खेळातला बाजार. हे मला सगळ्यात आवडतं म्हणून जरा लांबवते. एडवर्ड चेंबरलिन यांनी हार्वर्डमध्ये वर्गातच बाजार भरवून त्यावर १९४८ मध्ये लिहिलं. त्यांच्याच वर्गात बसलेल्या व्हर्नन स्मिथ यांनी ती कल्पना सुधारून १९६२ मध्ये आपले निष्कर्ष मांडले, आणि २००२ मध्ये त्यांना प्रायोगिक अर्थशास्त्रासाठी नोबेल मिळालं. अर्ध्या वर्गाला विक्रेते करा, अर्ध्याला ग्राहक. प्रत्येकाला एक चिठ्ठी: विक्रेत्याला 'तुझा खर्च अमुक, त्याहून कमीत विकू नकोस', ग्राहकाला 'तुला हे अमुक रुपयांच्या लायकीचं, त्याहून जास्त देऊ नकोस'. चिठ्ठी कोणी कोणाला दाखवायची नाही. मग बोली लावायची, मोठ्यानं. सौदा झाला की तो पॅनेलवरच्या शीटमध्ये भरायचा आणि आलेख सगळ्यांसमोर वाढत जातो. पहिल्या फेरीत भाव कुठंही उड्या मारतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत ते एका पट्ट्यात गोळा व्हायला लागतात, आणि तेव्हा तुम्ही चिठ्ठ्यांवरून काढलेले मागणी-पुरवठ्याचे वक्र उघडायचे. छेदबिंदू त्या पट्ट्यात सापडला की वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो. समतोल कोणी ठरवत नाही, हे त्यानंतर सांगावं लागत नाही. पन्नास चिठ्ठ्यांचे आकडे पाडून द्यायचं किचकट काम एआयकडून करून घ्या. समतोल कुठं हवा ते सांगा आणि बेरीज स्वतः तपासा.

तिसरं काम जिओजेब्रासारख्या, पडद्यावर आलेख काढायच्या साधनात स्लायडर सरकवून वक्र हलवणं. ते सोपं आहे, तुम्हाला येतंच असेल. स्लायडर मुलाच्या हातात द्या एवढंच सांगेन.

आता मुलांनी एआय वापरावं की नाही. बंदी घालून उपयोग नाही, कारण ते आता वेगळं जाऊन उघडावं लागत नाही. २०२४ पासून मेटा एआय व्हॉट्सअ‍ॅपमध्येच बसलंय आणि तुमच्या वर्गाचा ग्रुपही व्हॉट्सअ‍ॅपवरच आहे. पण 'वापरा, नव्या जमान्याचं आहे' एवढं म्हणून मोकळं होणंही बरं नाही. याबद्दलचा एक अभ्यास मी दर वर्षी मुलांना सांगते. तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळजवळ हजार विद्यार्थ्यांवर गणितात तो केला गेला आणि २०२५ मध्ये पीएनएएस या नियतकालिकात आला. सराव करताना एका गटाला साधं चॅटजीपीटीसारखं साधन दिलं. त्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. दुसऱ्या गटाचं साधन शिक्षकांच्या सूचनांनी बांधलेलं होतं, ते उत्तर न देता इशारे देई. त्यांचे गुण १२७ टक्क्यांनी वाढले. मग साधन काढून घेऊन परीक्षा झाली. पहिला गट, ज्यांना कधीच एआय मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्के खाली गेला. इशारेवाला गट खाली गेला नाही. आणि पहिल्या गटाला आपण कमी शिकलो असं वाटतही नव्हतं. विश्वविद्यालयाच्या परीक्षा हॉलमध्ये फोन बाहेर ठेवावा लागतो, हे मुलांना ठाऊक असतं. त्यामुळे हा १७चा आकडा त्यांना कुठल्याही उपदेशापेक्षा लवकर कळतो.

म्हणून वर्गाच्या ग्रुपवर मी एक सूचना टाकून ठेवते, त्यांनी ती चिकटवून मग प्रश्न विचारायचा. मूळ हिंदीत आहे, अर्थ असा: 'मी बी.ए. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी आहे. मला उत्तर सांगू नका. मी आधी माझं उत्तर लिहीन. त्यातली पहिली चूक कुठं आहे तेवढंच दाखवा आणि मला एक प्रश्न विचारा. मी दोनदा अडकले तरच एक इशारा द्या. बोलणं सोप्या हिंदीत, उदाहरणं मंडी आणि किराणा दुकानातली.' फुकटातल्या आवृत्त्यांवरही हे बऱ्यापैकी चालतं. पाच-सहा उत्तरांनंतर ते सूचना विसरून सगळं उत्तर ओकून टाकतं, तेव्हा पुन्हा चिकटवायची. सगळी मुलं असं करतात का? नाही. पण ज्यांना शिकायचंय आणि घरी विचारायला कोणी नाही, त्यांना रात्री अकरा वाजता न रागावता वीसदा समजावणारं कोणीतरी मिळतं. महू नाक्याला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला ही गोष्ट लहान नाही. शिकवणी लावणाऱ्यांच्या आणि न लावणाऱ्यांच्या मुलांमधलं अंतर यानं थोडं तरी कमी होईल, अशी माझी आशा आहे. पैसे भरून वरची आवृत्ती घेणाऱ्यांमुळे ते पुन्हा वाढेल ही धास्तीही आहे. म्हणूनच गुणांच्या कामात पैशाच्या आवृत्तीचा फायदा मिळेल असं काही ठेवू नका.

एक खबरदारी. प्रथम वर्षाला पुष्कळ मुलं सतरा वर्षांची असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा पूर्ण होईपर्यंत ती बालकंच आहेत. त्यांना कुठल्याही नव्या साधनावर खातं उघडायला लावू नका. तुम्ही स्वतः उत्तरपत्रिकांचे फोटो काढून एआयकडे तपासायला देण्याचा मोह आवरा. नाव, रोल नंबर, हस्ताक्षर हे सगळं तुमच्या फोनमधून तिसऱ्याकडे जातं, आणि कोणी विचारलं तर तुमच्याकडे ना विद्यार्थ्याची संमती असते ना महाविद्यालयाची. शिवाय त्या तपासणीत मुलांच्या नेहमीच्या चुका तुमच्या नजरेखालून जात नाहीत, आणि पुढचा तास त्याच चुकांवर बांधायचा असतो.

आता तुमच्या नोट्स. यात चोरून करण्यासारखं काही नाही, पण कामाचा क्रम उलटा करा. एआयला नोट्स लिहायला सांगून त्या तुम्ही तपासू नका. तुम्ही लिहा आणि त्याला तपासायला सांगा. यंत्राचा मजकूर वाचताना डोळा गुळगुळीत वाक्यांवरून घसरतो, चूक दिसत नाही. स्वतःच्या टिपणावर मात्र त्याला म्हणा: 'यात पहिल्या वर्षाच्या मुलाला न कळणारी तीन ठिकाणं दाखव, आणि या वाक्यावरून मुलाचा कोणता गैरसमज होईल ते सांग.' यात ते खरंच हुशार आहे. मतदानाच्या प्रश्नांचे चुकीचे पर्याय सुचवायलाही चांगलं. फक्त एक खोड लक्षात ठेवा: बरोबर पर्याय ते नेहमी सगळ्यात लांब आणि सगळ्यात सावध लिहितं. मुलांना हे दोन तासांत कळतं, मग ती प्रश्न न वाचताच लांबी बघून कार्ड धरतात. पर्यायांची लांबी स्वतः सारखी करा.

आकड्यांच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका. हे यंत्र मुळात पुढचा शब्द काय शोभेल ते ओळखत जातं. आकडाही त्याला शोभणारा शब्दच. आता ते इंटरनेटवर शोधून दुवे देतं, पण दुवा उघडला की पानावर भलताच आकडा असण्याचा अनुभव तुम्हालाही येईल. महागाई, उत्पन्न, रोजगार यांसाठी सांख्यिकी मंत्रालयाचं ई-सांख्यिकी पोर्टल आणि रिझर्व्ह बँकेचा डेटाबेस उघडून तिथूनच घ्या. पॅनेलवर मुलांसमोर उघडलंत तर आणखी बरं. जुनेपणा हा दुसरा धोका. इंदूरच्या बीआरटीएसबद्दल (बससाठी राखलेल्या वेगळ्या मार्गाबद्दल) त्याला विचाराल तर निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटर, यशस्वी प्रयोग, असं छान टिपण मिळू शकतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो काढायला वाट मोकळी केली, हे आपल्या मुलांना एआयच्या आधी ठाऊक होतं. त्यांच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावरच तर चाललं होतं ते. असं टिपण मुद्दाम वर्गात आणा आणि दुरुस्त करायला लावा, सोन्यासारखा तास होतो.

हिंदी माध्यमासाठी आणखी एक गोष्ट. एआय एकाच संज्ञेला एका परिच्छेदात एक आणि दुसऱ्यात दुसरा हिंदी शब्द वापरतं, आणि मूल समजतं की या दोन वेगळ्या कल्पना आहेत. मध्यप्रदेश हिंदी ग्रंथ अकादमीच्या पुस्तकात जे शब्द आहेत त्यांची पन्नास-साठ संज्ञांची यादी एकदा करून ठेवा आणि दर वेळी 'एवढेच शब्द वापर' म्हणून सोबत द्या. गूगलच्या नोटबुकएलएममध्ये आपला अभ्यासक्रम, आपली टिपणं आणि ही यादी चढवून त्यातूनच उत्तर मागितलं तर भरकटणं बरंच कमी होतं. थांबत नाही.

शेवटी तुमच्या नोकरीचं. तुम्ही अतिथी विद्वान आहात. विद्यार्थ्यांनी किंवा एखाद्या पालकानं तक्रार केली तर तुमच्या पाठीशी कायमच्या प्राध्यापकाइतकं कोणी उभं राहत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून सीसीईची ही नवी विभागणी, म्हणजे चार गुण घरचे, सोळा वर्गातले, तोंडी चिठ्ठीनं, एआय वापरलं तर कुठं वापरलं ते दोन ओळींत लिहायचं, हे सगळं सत्र सुरू होतानाच विभागाच्या बैठकीत मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. विभागाध्यक्षांची सही असलेला एक कागद नोटीस बोर्डावर लावा, त्याचा फोटो ग्रुपवर टाका. प्राचार्यांना सांगताना पॅनेलपासून सुरुवात करा: आठवड्यातून दोनदा मतदान, महिन्यातून एकदा बाजाराचा प्रयोग, प्रत्येकाचा निकाल साठवलेला. नॅकच्या (महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फाइलला याहून चांगला कागद मिळणार नाही, आणि मुलं पीडीएफकडे बघत बसलेल्या फोटोपेक्षा कार्डं उंचावलेल्या वर्गाचा फोटोही चांगला येतो.

सगळे पेपर एकदम बदलू नका. प्रथम वर्षाचा व्यष्टी (सूक्ष्म) अर्थशास्त्राचा एकच पेपर घ्या, कारण त्यात गैरसमज पुष्कळ आणि ठरलेले आहेत, प्रश्न काढायला सोपं जातं. आठवड्याला दोन या बेतानं मतदानाचे पंधरा प्रश्न सुट्टीतच तयार ठेवा. सत्र सुरू झाल्यावर ते होत नाही. सोयाबीनची असाइनमेंट नवा माल मंडीत यायला लागतो त्या सुमारास, दसरा-दिवाळीच्या मध्ये द्या, म्हणजे पर्च्या ताज्या मिळतात. आणि पॅनेलच्या शेजारी फळा काढू देऊ नका. बसवणारे ठेकेदार तो भिंतीवरून उतरवायला निघतात, तेव्हा तिथं उभं राहा.